जमिनीवर पडलेला चिमटा
(पद्मनाभपूर येथे मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले भाषण)



आम्ही डॉक्टर नव्हे. बी. ए. होऊन केंद्र सरकारच्या फायलींत आयुष्य घालविलेले आम्ही एक अधिकारी. रुग्णालयातील संसर्गाविषयी बोलण्याचा आमचा अधिकार एकच, रुग्णाच्या खाटेशेजारी स्टुलावर बसलेल्या नातलगाचा.

काही वर्षांपूर्वी आमच्या मातोश्रींच्या पोटावर शस्त्रक्रिया झाली. रुग्णालयाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. तिसऱ्या दिवशी मलमपट्टी करताना ड्रेसरच्या हातून चिमटा निसटून जमिनीवर पडला. त्याने तो उचलला, स्पिरिटच्या बोळ्याने पुसला आणि काम पुढे चालविले. आम्ही पाहत होतो, बोललो नाही. दोन दिवसांनी जखमेत पू झाला आणि मातोश्रींना आणखी तीन आठवडे तेथे काढावे लागले. त्या चिमट्यानेच हे घडले असे आम्ही म्हणणार नाही. परंतु मातोश्रींनी विचारले, "बाळ, तू एवढा साहेब, मग त्या पोराला दुसरा चिमटा आण म्हणून का नाही रे सांगितलंस?" त्याचे उत्तर आजही आमच्यापाशी नाही.

पुढे आम्हांस हाफकिन यांची हकिकत वाचावयास मिळाली. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. हाफकिन यांनी त्यावर लस तयार केली आणि परळच्या प्रयोगशाळेतून ती देशभर जाऊ लागली. १९०२ साली पंजाबातील मलकोवाल गावी एकाच बाटलीतील लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. ठपका परळवर आला आणि हाफकिन यांना पद गमवावे लागले. वास्तविक ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतीवर धरून निर्जंतुक करावयाचा, असा नियम होता. त्याने तो केवळ कार्बोलिकमध्ये बुडविला. धनुर्वाताचे जंतू मातीत बीजरूपाने राहतात आणि अशा ओझरत्या बुडविण्याने ते मरत नाहीत. १९०७ साली रोनाल्ड रॉस प्रभृती शास्त्रज्ञांनी आवाज उठविल्यावर हाफकिन दोषमुक्त झाले. १९२५ साली परळच्या त्या संस्थेला त्यांचेच नाव देण्यात आले.

शतकाचे अंतर आणि चूक मात्र एकच! आम्ही त्या ड्रेसरला नंतर विचारले. तो कामावर लागून चारच दिवस झाले होते. पडलेल्या चिमट्याचे काय करावयाचे हे त्याला कोणी शिकविले नव्हते. ट्रेमध्ये दुसरा चिमटा नव्हता. आणि मागावयास गेल्यास बोलणी बसतील, अशी धास्ती होती. दोष एकट्या त्या मुलाचा कसा म्हणावा?

म्हणून प्रशिक्षण केवळ डॉक्टरांचे होऊन भागत नाही. आया, वॉर्डबॉय, सफाई कामगार यांच्यापर्यंत ते पोहोचले पाहिजे, आणि वारंवार पोहोचले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने हात स्वच्छ करण्याचे पाच प्रसंग सांगितले आहेत: रुग्णास स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुक क्रियेपूर्वी, रक्तादी द्रवांशी संबंध आल्यावर, रुग्णास स्पर्श केल्यावर आणि त्याच्या भोवतालच्या वस्तूंना स्पर्श केल्यावर. हे पाठ करणे सोपे आहे. कठीण आहे ते "माझ्या हातून चिमटा पडला" असे निर्भयपणे सांगता येणे. ज्या ठिकाणी चूक कबूल करणाऱ्यास केवळ शिक्षाच मिळते, त्या ठिकाणी चुका पुसल्या जातात. जंतू मात्र राहतात.

आता थोडे आपल्याविषयी. मुलुखापासून दूर राहणारे आपण एकमेकांच्या आजारात धावून जातो, आळीपाळीने डबा पोहोचवितो. हे मंडळाचे भूषण होय. पण आपण दहा जण एकदम जातो, खाटेवर बसतो आणि बाहेरून आलेला हात तसाच रुग्णाच्या कपाळावर ठेवतो! आपल्यातील परिचारिका भगिनींनी एका रविवारी आपणा सर्वांना हात धुण्याची रीत शिकवावी, अशी आमची सूचना आहे. पहिले विद्यार्थी आम्ही होऊ.

आणि कधी खाटेशेजारी चिमटा पडलेला दिसला, तर आमच्यासारखे गप्प राहू नका. रागावू नका, नम्रपणे म्हणा, "दादा, दुसरा घ्या."