स्वागताध्यक्षांचे भाषण : उदगीर



कुत्र्यांच्या जन्मजात हृदयदोषांच्या निदानावरची परिषद आणि स्वागताध्यक्ष तुरीचा आडत्या! पण २०२२ साली या गावाने अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पार पाडले आहे. साहित्यिक सांभाळले, त्यापुढे डॉक्टर मंडळी सोपीच.

आमचा किल्ला पाहिल्याशिवाय कुणी परतू नये. ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंनी निजामाला इथे नमवले आणि सुमारे ६० लाखांचा मुलूख मिळवला. सगळे भाऊंचे नाव घेतात. मी इब्राहिमखान गारद्याचे घेतो. फ्रेंच सेनानी बुसीच्या हाताखाली कवायत शिकलेला, आधी निजामाच्याच चाकरीत असलेला हा माणूस. उदगिरात त्याच्या तोफा मराठ्यांच्या बाजूने धडाडल्या. पुढच्याच वर्षी पानिपतावर तो भाऊंसाठी लढला, पकडला गेला, मारला गेला. गावातल्या एखाद्या रस्त्याला त्याचे नाव द्यावे, ही माझी जुनी मागणी. नगरपालिकेची मंडळी समोर आहेत, म्हणून पुन्हा सांगतो.

जनावरांची पारख या मातीतच आहे. देवणी गाय आमच्या शेजारची. वानेरा, बालंक्या, शेवरा हे तिचे प्रकार इथले पोरही ओळखते. कुत्रे म्हणाल, तर चाकूर तालुक्यातल्या जानवळचे कारवानी प्रसिद्धच आहेत. झाला की नाही परिषदेशी संबंध!

विषय मला येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या प्राध्यापकांनी समजावला. गर्भात महाधमनी आणि फुफ्फुसधमनी यांना जोडणारी नळी जन्मानंतर मिटायला हवी. ती उघडी राहिली, तर पिल्लाच्या डाव्या काखेत वरच्या अंगाला स्टेथोस्कोप लावताच दाळमिलच्या यंत्रासारखी अखंड घरघर ऐकू येते. पोमेरेनियनसारख्या जातींत, त्यातही माद्यांमध्ये, हा दोष जास्त. मग इको काढून खात्री करायची. वेळेत कळले तर नळी बंद करता येते. बाकीचे दोष आपण बोलालच.

आता उणिवा. पाणी टँकरचे आहे, जपून वापरा. काहींना एका खोलीत तिघे राहावे लागेल. वीज गेली तर जनरेटर आहे, पण इकोच्या फिती दाखवताना तो आधी थोडा खोकतो. सारे गोड मानून घ्या.

दाळमिलवाल्यांनी जेवण दिले, आडत बाजाराने मंडप, सराफांनी स्मृतिचिन्हे, मंगल कार्यालयाच्या मालकांनी भाडे सोडले, औषधविक्रेत्यांनी पिशव्या दिल्या, महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी रात्रभर खुर्च्या मांडल्या. कुणाचे नाव राहिले असेल, तर त्यांनी मला बाजारात गाठावे, इथे नको.

जेवण साडेबाराला आहे. पहिली पंगत पाहुण्यांची. उदगीरकरांनी कृपया थांबावे.