थंडीआधी पिकअप गाडी तयार करा



दिवाळी झाली. पहाटे अंगावर काटा येऊ लागला. कारखान्यांची धुराडी पेटली. आता होळीपर्यंत आपल्या जिल्ह्यातले रस्ते रात्रंदिवस चालू राहतील. कुणाचा ऊस, कुणाचा कांदा, कुणाच्या दुधाच्या किटल्या, कुणाचे टोमॅटोचे कॅरेट. बरेचसे ओझे पिकअप गाडी वाहते. त्या गाडीविषयी आज चार गोष्टी बोलू.

तुम्ही म्हणाल, आम्ही शाळामास्तर, आम्हांला गाडीतले काय कळते? खरे आहे. पण आमची कितीतरी मुले आज गाडीवर आहेत. त्यांच्याकडून आणि गॅरेजवाल्यांकडून आम्ही हे समजून घेतले. आणि तुम्ही म्हणाल, गाडी तर पोरगा चालवतो, आम्हांला हे कशाला हवे? तर बघा. गाडी कर्जाने घेतली. हप्ता घरातून जातो. पोरगा पहाटे तीनला घर सोडतो. तो परत येईपर्यंत आईचा डोळा लागत नाही. मग गाडी सगळ्या घराची झाली की नाही?

प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला. तेव्हा ऊस बैलगाडीने यायचा. हंगामाआधी शेतकरी काय करी? चाक काढी, आसाला वंगण घाली, धाव सैल झाली का बघे, आरे ठोकून पाही. मगच जू बैलांच्या मानेवर ठेवी. तहान लागल्यावर विहीर खणायची नाही, ही आपली जुनी रीत. तीच रीत पिकअपला लावायची.

पहिली गोष्ट बॅटरीची. आपल्याकडे थंडीत रात्रीचा पारा पुष्कळदा १० अंशांच्या खाली जातो. गारठ्यात बॅटरीचा जोर कमी होतो. इंजिनातले ऑइलही घट्ट होते, म्हणून इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. जोर कमी आणि ओझे जास्त. म्हणून उन्हाळ्यात बरी चाललेली जुनी बॅटरी नेमकी पौषात दगा देते. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल तर साफ करून घ्या, वायर घट्ट करा, वर थोडे व्हॅसलीन लावा. पाण्याची बॅटरी असेल तर डिस्टिल्ड पाणीच घाला. विहिरीचे पाणी घालू नका, त्यात क्षार असतात.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा जोराने दाबली की ती तापते आणि त्या उष्णतेने डिझेल पेटते. गार इंजिनात हवा पुरेशी तापत नाही. म्हणून पुष्कळ गाड्यांत हीटर प्लग असतो. चावी फिरवली की समोर वेटोळ्याचे पिवळे चिन्ह दिसते. ते विझेपर्यंत थांबा, मग स्टार्टर मारा. एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. अर्धा मिनिट थांबून पुन्हा मारा. सुरू झाल्यावर लगेच रेस करू नका. मिनिटभर चालू ठेवा आणि पहिले दोन-तीन किलोमीटर सावकाश चला. काही जण इंजिनाखाली पाचट पेटवतात. तसे कधीही करू नका. तिथे डिझेलच्या नळ्या आहेत. बंद शेडमध्ये गाडी चालू ठेवू नका. तसेच काचा लावून केबिनमध्ये शेगडी घेऊन झोपू नका. त्या वायूला वास नसतो. झोपलेला माणूस झोपेतच जातो.

लडाखात थंडी इतकी, की साधे डिझेल टाकीत गोठते. तिथल्यासाठी इंडियन ऑइलने २०१९ साली वेगळे डिझेल आणले. ते उणे ३३ अंशांपर्यंत गोठत नाही. आपल्याकडे ती भीती नाही. आपल्याकडे भीती पाण्याची. अर्धी टाकी रात्रभर गारठ्यात राहिली की आत दव धरते आणि ते पाणी डिझेलखाली बसते. म्हणून रात्री टाकी भरलेली ठेवा आणि डिझेल फिल्टरच्या तळाचे पाणी वरचेवर काढून टाका.

दुसरी गोष्ट रेडिएटरची. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून काही जण थर्मोस्टॅट काढून टाकतात. ते झडपेसारखे असते. इंजिन तापेपर्यंत ते पाणी अडवून धरते. ते नसले की थंडीत इंजिन गारच चालते आणि डिझेल जास्त खाते. ते बसवून घ्या. बोअरचे पाणी न घालता कुलंट घाला. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नका. वाफेने तोंड भाजते.

तिसरी गोष्ट टायरची. थंडीने हवा आकसते. पारा ५-६ अंश उतरला की टायरमधली हवा सुमारे १ पौंड कमी होते. आश्विनातल्या दुपारी भरलेली हवा पौषातल्या पहाटे चार-पाच पौंड कमी भरेल. हवा पहाटे, गाडी निघण्याआधी तपासा. किती भरायची, तो आकडा दाराजवळच्या पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तकात छापलेला असतो. रिकाम्या गाडीचा आकडा वेगळा, भरल्या गाडीचा वेगळा. टायरच्या बाजूवरचा आकडा म्हणजे टायर जास्तीत जास्त किती सोसेल तो. तो धरून हवा भरू नये. तुम्हांला आता वाचता येते ना? मग आजच घरी जाऊन ती पट्टी वाचा. टायरच्या खाचांत छोट्या गाठी असतात. टायर झिजून त्या गाठींच्या बरोबरीला आला की तो बदलायचा.

चौथी गोष्ट गाडीच्या जोराची. आपल्या बहुतेक पिकअपमध्ये इंजिनाचा जोर फक्त मागच्या दोन चाकांना मिळतो. पुढची चाके फक्त वळवतात. गाडी रिकामी असली की मागचा भाग हलका. मग उसाच्या पाणी दिलेल्या रानात किंवा ट्रॉल्यांनी चिखल आणलेल्या डांबरावर मागचे चाक नुसते गरगर फिरते. बर्फाच्या देशांत अशा गाडीवाले मागच्या चाकांवर वाळूची पोती ठेवतात. आपणही चिखलाच्या रानात रिकामी गाडी नेताना दोन-चार पोती ठेवावी. ती दोराने घट्ट बांधावी. गाडी रुतली तर त्यातलीच वाळू चाकाखाली टाकता येते.

माल भरताना बैलगाडी आठवा. ओझे मागे गेले की गाडी उलाळते, जू वर उचलते. पिकअपचेही तसेच. जड माल मागच्या फळीशी रचला तर पुढची चाके हलकी होतात आणि गाडी वळवल्यासारखी वळत नाही. म्हणून जड माल मागच्या चाकांच्या आसावर आणि त्याच्या थोडा पुढे ठेवा. ठरल्या वजनापेक्षा जास्त भरू नका. मालाच्या गाडीत माणसे बसवू नका.

गाडी रुतलीच तर रेस करू नका. चाक आणखी खड्डा पाडते. एक चाक चिखलात गरगरते आणि दुसरे जागेवर उभे राहते, हे तुम्ही पाहिले असेल. जे फिरते त्याच्याखाली पाचट किंवा बारदान घाला. पुढच्या चाकाखाली घालून उपयोग नाही. मग दुसऱ्या गिअरमध्ये हळूच काढा.

पाचवी गोष्ट उजेडाची. हीच सगळ्यांत मोठी. मुळा-प्रवरेच्या काठी, कालव्याच्या कडेला पहाटे धुके बसते. आमचा एक विद्यार्थी टोमॅटो घेऊन निघाला होता. काचेला आतून दव धरले होते. त्याने हाताएवढी जागा पुसली आणि तेवढ्यातून बघत चालला होता. पुढे उसाची ट्रॉली आस मोडून रस्त्यात उभी होती. तिला मागे दिवा नाही, पट्टी नाही. ती दिसली तेव्हा वेळ उरला नव्हता. पोरगा वाचला, पण त्याचा गुडघा वाकत नाही. आज तो गाडी चालवत नाही. त्याची बायको दुसऱ्याच्या रानात जाते.

हिशेब सोपा आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. डोळ्यांनी बघून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एवढे अंतर संपलेले असते. ब्रेक लागायचा तो त्यानंतर. धुक्यात २० मीटरच दिसत असेल तर ६० चा वेग म्हणजे डोळे मिटून चालणे. वेग ३० वर आणला तर त्या सेकंदात गाडी ८ मीटरच जाते. दिसेनासे झाले तर रस्ता सोडून पूर्ण बाजूला थांबावे. बाजार उद्याही भरतो.

धुक्यात दिवा खाली ठेवा. वरचा दिवा धुक्यावर आपटून डोळ्यांतच येतो. काच आतून-बाहेरून पूर्ण पुसा आणि ब्लोअर चालू ठेवा. उन्हाने कडक झालेले वायपरचे रबर बदला. त्याला फार पैसे पडत नाहीत.

आणि ज्यांच्या बैलगाड्या, ट्रॉल्या आहेत त्यांनी ऐका. रेडियमची पट्टी लावा. पुढे पांढरी, मागे लाल, बाजूला पिवळी. पट्टीवर चिखल बसला की ती आंधळी होते, म्हणून रोज पुसा. ट्रॉली बंद पडली तर आधी मागे दूरवर खूण लावा, मग दुरुस्तीला हात घाला. काम झाल्यावर रस्त्यावरचे दगड उचला. ऊसतोडीला आलेली माणसे घरदार सोडून, लेकरे गाडीवर बसवून रात्री चालतात. त्यांचा जीवही आपल्या दिव्यावर आहे.

माळशेज उतरून वाशीला जाणाऱ्यांना आणखी एक सांगणे. डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करू नका. इंजिन बंद झाले की ब्रेक जड होतो. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा.

आता ध्यानात ठेवा. या आठवड्यात पाच कामे करायची.

१. बॅटरी तपासून घ्यायची.
२. कुलंट आणि थर्मोस्टॅट बघायचे.
३. टायर बघायचे, पहाटे हवा मोजायची.
४. दिवे, वायपर, ब्लोअर चालवून बघायचे.
५. रेडियमच्या पट्ट्या लावायच्या.

ही पाच कामे वहीत लिहा. झालेल्या कामापुढे तारीख घाला. पोरगा म्हणेल, "आई, तुला काय कळतंय गाडीतलं?" तेव्हा वही पुढे करा आणि म्हणा, "मला वाचता येतंय. तिसरं काम राहिलंय, ते करून ये."

राम राम.