औषधे निर्माल्य नव्हेत

(मंडळाच्या काशीयात्रेत भोसले घाटावर केलेले भाषण)



अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात नागपूरकर भोसल्यांनी बांधलेल्या या घाटावर मराठी माणसाला परकेपणा वाटत नाही. गंगाजलालाच औषध मानणाऱ्या परंपरेतले आपण. येथे औषधांच्या पिशवीविषयी बोलणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु आपल्यापैकी किती जण अशा पिशवीवाचून घराबाहेर पडले असतील?

ही पिशवी सामानाच्या पेटीत नव्हे, हाताशी असावी. गाडीला विलंब होतो, मुक्काम लांबतो. म्हणून चार-आठ दिवसांचा जादा साठा हवा. गोळ्या सुट्या करून डबीत कोंबू नयेत. नाव, मात्रा व मुदत मूळ पाकिटावरच असते. डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत जवळ ठेवावी व तीत औषधाचे मूळ नावही लिहून घ्यावे. परगावी तेच औषध निराळ्या व्यापारी नावाने मिळते. इन्शुलिन उन्हात ठेवू नये, तसेच बर्फाला चिकटवूनही ठेवू नये. एकदा गोठले की ते निरुपयोगी ठरते.

एक वेळ चुकली म्हणून पुढे दुप्पट मात्रा घेऊ नये. उपवासाच्या दिवशी मधुमेहाच्या गोळीचे काय करावे, हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. पाकिटावर तांबडी रेघ असलेले औषध सहप्रवाशाच्या सांगण्यावरून कदापि घेऊ नये.

राहिला प्रश्न उरलेल्या औषधांचा. काही वर्षांपूर्वी वडील बंधूंच्या अस्थी घेऊन आम्ही याच पायऱ्यांवर आलो होतो. विसर्जन झाल्यावर त्यांच्या औषधांची पिशवीही प्रवाहात सोडावी, म्हणून आम्ही हात पुढे केला. वहिनींनी तो धरला. म्हणाल्या, "भावोजी, हे निर्माल्य नव्हे. गंगेला कशाला देता?" आम्ही ओशाळलो. ज्यांचे सर्वस्व गेले होते, त्यांना जे सुचले ते आम्हांस सुचले नव्हते.

एका पिशवीने गंगा बिघडत नाही, हे खरे. पण घाटावरचा प्रत्येक जण असेच म्हणेल. अँटिबायोटिक औषधांचे अंश पाण्यात मिसळत राहिले की जंतू त्यांना दाद देईनासे होतात, आणि पुढे तेच औषध आपल्या नातवंडांच्या कामी येत नाही.

तेव्हा औषधविक्रेता परत घेत असेल तर त्याच्याकडे द्यावे. केरळ सरकारने घरोघरची जुनी औषधे गोळा करण्याचा उपक्रम २०२५ मध्ये सुरू केला. अशी सोय नसेल तेथे गोळ्या पाकिटातून काढून ओल्या चहाच्या चोथ्यात कालवाव्यात, पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात द्याव्यात. सुया जाड प्लॅस्टिकच्या बरणीत बंद कराव्यात. तीव्र वेदनाशामकांविषयी मात्र डॉक्टरांचाच सल्ला घ्यावा. ती घरात पडून राहणे धोक्याचे असते.

ती पिशवी आम्ही परत नेली. आज आपणांसही तीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.