काजळीचे तंतु

कंदिलाची कांच काळवंडविणारी काजळी म्हणजे बहुतांशीं कार्बनच. त्याच कार्बनचे केसाहून शेंकडों पटींनीं बारीक तंतु करतां येतात. बंद भट्टींत तापलेल्या लोखंडाच्या अतिसूक्ष्म कणांवरून मिथेनसारखा वायु सोडला म्हणजे त्याचें विघटन होतें; सुटलेला कार्बन कणांत मुरतो व तंतुरूपानें बाहेर वाढतो. हेच तंतु रासायनिक कारखान्यांतील नळ्या तुंबवीत. ते टाळावे कसे, एवढाच प्रश्न पूर्वीं असे. आज लिथियम बॅटरीच्या विद्युदग्रांत ते मिसळले असतां वीज सुलभ वाहते व बॅटरी अधिक टिकते. परंतु श्वासावाटे ते फुप्फुसांत गेल्यास अपाय संभवतो. म्हणून अमेरिकेंत २०१३ सालीं कामगारांसाठीं दर घनमीटर हवेंत १ मायक्रोग्रॅमची मर्यादा सुचविण्यांत आली. बॅटरीच्या आयुष्याबरोबर कामगाराच्या आयुष्याचीही काळजी घेतली, तरच हा जुना उपद्रव खऱ्या अर्थानें उपयोगी ठरेल.