मारामारी आणि मर्दुमकी



सोळा वर्षांचा एक मुलगा आहे. अंगाने किरकोळ, स्वभावाने बुजरा. घरी बाप मारतो आणि आई तोंड टाकते, म्हणून कित्येक रात्री तो वस्तीतल्या रिकाम्या मैदानात झोपून काढतो. हा मुलगा एका रात्री खटक्याच्या चाकूने एका तरुणाचा प्राण घेतो. आणि आठवडा उलटायच्या आत हाच मुलगा पेटलेल्या इमारतीत शिरून परक्यांच्या लेकरांना बाहेर काढतो. आता या मुलाला काय म्हणाल? खुनी म्हणाल, की वीर म्हणाल?

हा प्रश्न एका कादंबरीने विचारलेला आहे, आणि आज तिच्याविषयीच आपल्याशी चार शब्द बोलायचे आहेत. कादंबरीचे नाव ‘द आउटसायडर्स’. पंगतीबाहेरचे, असे म्हणा ना! लेखिका एस. ई. हिंटन. ती अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरची. पंधराव्या वर्षी तिने ही गोष्ट लिहायला घेतली, आणि १९६७ साली पुस्तक बाहेर पडले तेव्हा ती अवघी अठरा वर्षांची होती. सुझन एलॉइज हे तिचे नाव. पण मुलांच्या टोळ्यांवरचे पुस्तक एका मुलीने लिहिले म्हटल्यावर परीक्षक नाके मुरडतील, म्हणून मुखपृष्ठावर नुसती आद्याक्षरे घातली गेली. १९८३ साली फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांनी या कादंबरीवर चित्रपट काढला, आणि तिच्यावर रचलेल्या संगीतिकेला २०२४ साली टोनी पारितोषिक मिळाले. म्हणजे अठरा वर्षांच्या मुलीचे हे पुस्तक अर्धशतक उलटून गेले तरी शिळे झालेले नाही.

गोष्ट तशी साधी आहे. टल्सा शहराच्या दोन बाजू, आणि दोन बाजूंची दोन टोळकी. एक ‘ग्रीझर’, म्हणजे लांब केसांना तेल चोपडून हिंडणारी गरिबांची पोरे. दुसरे ‘सोश’, म्हणजे बड्या घरची, मोटारी उडवणारी पोरे. गोष्ट सांगतो तो पोनीबॉय कर्टिस, वय वर्षे चौदा. आईबाप मोटारीच्या अपघातात गेलेले. वीस वर्षांचा थोरला भाऊ डॅरी शिक्षणावर पाणी सोडून राबतो आणि दोघा धाकट्यांना सांभाळतो. मघाशी ज्याच्याबद्दल सांगितले तो मुलगा म्हणजे पोनीबॉयचा जिवलग मित्र, जॉनी केड.

या जॉनीला चार महिन्यांपूर्वी सोश पोरांनी मैदानात एकटा गाठून बेदम मारलेले असते. मारणाऱ्यांपैकी एकाच्या बोटांत अंगठ्या होत्या. त्यांचा वण गालावर राहिला आणि भीती मनात राहिली. तेव्हापासून तो खिशात चाकू बाळगू लागला. पुढे एका रात्री, दोनअडीचच्या सुमारास, बागेत ही दोघे मुले असताना पाच सोश दारू पिऊन तेथे येतात. त्यांतला एकजण पोनीबॉयचे डोके कारंज्याच्या पाण्यात दाबून धरतो. पोराचा श्वास कोंडतो, शुद्ध हरपते. शुद्धीवर येऊन पाहतो तो बॉब नावाचा सोश रक्तात निपचित पडलेला, आणि शेजारी हातात चाकू घेऊन जॉनी बसलेला.

येथे लेखिकेची एक गोष्ट ध्यानात घ्या. चाकूचा तो वार तिने आपल्याला दाखवलेलाच नाही. निवेदक पाण्याखाली बेशुद्ध. म्हणून वाचकही बेशुद्ध! वार कसा बसला, बॉब कसा कोसळला, यातले काही वर्णन नाही. प्रेत पाहून पोनीबॉयला मळमळून येते, इतकेच आहे. एखादा चटकदार लिहिणारा असता तर त्याने त्या वारावर दोन पाने खर्ची घातली असती. हिंटनने टाळ्या पडायला जागाच ठेवली नाही.

बरे, हा खून म्हणायचा का? इंग्रजी कायद्याची जी परंपरा अमेरिकेत गेली आणि आपल्याकडेही आली, ती अशा वेळी ढोबळमानाने तीन गोष्टी पाहते. संकट त्याच क्षणी अंगावर आले होते काय? बळ वापरल्यावाचून सुटका होती काय? आणि वापरलेले बळ संकटाच्या मानाने बेताचे होते काय? आपल्या १८६० सालच्या दंडसंहितेत स्वसंरक्षणाचा हा हक्क होता, आणि १ जुलै २०२४पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही तो आहे. स्वतःच्याच नव्हे, तर दुसऱ्याच्या देहाच्या रक्षणासाठीसुद्धा आहे. या कसोट्या जॉनीला लावून पाहा. पाच विरुद्ध दोन. मित्र पाण्यात गुदमरतो आहे. हाक मारावी तर ऐकायला कोणी नाही. जॉनीने सुडासाठी चाकू काढला असे कोणी म्हणू शकणार नाही. कादंबरीच्या अखेरीस न्यायाधीशापुढे चौकशी होते, आणि बॉबचे स्वतःचे मित्रच कबूल करतात की आम्ही भांडण उकरायला गेलो होतो.

पण येथेच पुस्तकाची खरी कमाई आहे. कायद्याने ज्याला माफ केले, त्याला पुस्तक शाबासकी मात्र देत नाही. जॉनीला आपण केले ते भूषण वाटत नाही. एका जिवंत माणसाला आपण मारले, हे त्याच्या मनातून जात नाही. नाइलाज होता हे खरे, पण नाइलाज म्हणजे मर्दुमकी नव्हे. स्वसंरक्षण हा हक्क आहे. तो बजावताना काहीतरी कायमचे गमवावे लागते, आणि ते गमावलेले कोणतेही न्यायालय परत देत नाही. आपण बोलण्याच्या भरात या दोन गोष्टी एकाच तागडीत टाकतो. ‘मारलं ना त्यानं? शाब्बास पठ्ठ्या!’ असे म्हणून मोकळे होतो.

मग मर्दुमकी कोठे आहे? ती पुढे आहे. दोघे पोरगे मालगाडीत बसून पळतात आणि विंड्रिक्सव्हिल नावाच्या खेड्याजवळच्या एका ओसाड चर्चमध्ये दडून राहतात. काही दिवसांनी जॉनी स्वतःच्या पायांनी पोलिसांकडे जायचे ठरवतो. त्याच दिवशी, ते क्षणभर बाहेर गेले असताना, चर्चला आग लागते आणि सहलीला आलेल्या शाळेतली काही लहान मुले आत सापडतात. पोनीबॉयच्या मनात येते की आपण टाकलेल्या सिगारेटनेच हे पेटले असणार. तो धावतो, पाठोपाठ जॉनी धावतो. खिडकी फोडून दोघे एकेक मूल बाहेर काढतात. छत कोसळून जॉनीची पाठ मोडते.

त्या आगीत जॉनीच्या चेहऱ्यावर भय नाही, ही गोष्ट पोनीबॉयला आठवते. जन्मभर जो मुलगा दबकत चालला, तो ज्वाळांमध्ये हसतो आहे, मजेत आहे! चाकू हातात होता तेव्हा तो पांढराफटक पडलेला. पोर हातात होते तेव्हा त्याचे भय गेलेले. दोन्ही वेळा मुलगा तोच, हात तेच. फरक एवढाच की एका वेळी समोर शत्रू होता आणि दुसऱ्या वेळी समोर शत्रूच नव्हता. मर्दुमकीला शत्रू लागतोच असे आपण समजतो. येथे समोर फक्त आग आहे, आणि आत रडणारी मुले आहेत. या आगीचे वर्णन मात्र लेखिकेने पायरीपायरीने केले आहे.

‘मग काय, मार खाऊन घ्यावा म्हणता?’ असे कोणी विचारील. छे! पुस्तकाचे म्हणणे तसे नाही. दोन्ही टोळक्यांची ठरवून हाणामारी व्हायची असते. हत्यारे नाहीत, नुसत्या मुठी. त्याआधी पोनीबॉय आपल्या सोबत्यांना विचारतो, तुम्हाला मारामारी का आवडते? भाऊ सोडापॉप म्हणतो, त्यात गंमत असते, जशी मोटारीच्या शर्यतीत असते. दुसऱ्याला समोरच्याला तुडवायचे आहे. तिसरा म्हणतो, सगळेच करतात. ही उत्तरे ऐकून चौदा वर्षांचा पोनीबॉय मनाशी ठरवतो की, जिवाचे रक्षण सोडले तर मारामारीला खरे कारण काहीच नाही. आणि एवढे कळूनही तो जातोच. का जातो? टोळी म्हणजे त्याचे घर, आणि घर सोडून जायचे कोठे? तरुण मुलांची ही अडचण आपण वडील माणसांनी नीट समजून घेतली पाहिजे. मुलाला कळत नाही असे नसते. एकटे पडायची त्याला भीती वाटते.

त्या मारामारीला तोंड फुटते ते दोघांपासून: एकीकडे डॅरी, दुसरीकडे पॉल. एके काळी हे दोघे शाळेच्या फुटबॉल संघात खांद्याला खांदा लावून खेळलेले आहेत. आज ते एकमेकांवर मूठ उगारून उभे आहेत. मधे काय आले? एकाला पैशाअभावी कॉलेज सुटले आणि दुसऱ्याला मिळाले, एवढेच. ग्रीझर जिंकतात. पोनीबॉय धावत इस्पितळात जातो, जॉनीला विजयाची वार्ता सांगायला. मरणाच्या दारात असलेला जॉनी ती ऐकतो आणि लढण्यात काही अर्थ नाही असे सांगून डोळे मिटतो. पानेच्या पाने चाललेला पराक्रम त्या एका खाटेपाशी निकालात निघतो.

आता डॅली विन्स्टन. टोळीतला सर्वांत कडवा, तुरुंग पाहून आलेला. पेटत्या चर्चमधून जॉनीला ओढून काढताना त्यानेही हात भाजून घेतलेला आहे, हे विसरू नये. जगात त्याची माया एका जॉनीवर. जॉनी गेला तसा हा वेडापिसा होतो, दुकान लुटतो, आणि गोळ्या नसलेले पिस्तूल पोलिसांवर रोखतो. पोलीस गोळी घालतात. पुस्तक डॅलीसाठी रडते, पण त्याला वीर म्हणत नाही. धैर्य दोघांतही होते. जॉनीच्या धैर्याने काही मुले जिवंत राहिली. डॅलीच्या धैर्याने त्याचा स्वतःचा प्राण गेला. जिवावर उदार होणे म्हणजे आपोआप थोर होणे नव्हे, हे विशीच्या आतल्या लेखिकेला उमगले होते.

आणि तो मेलेला बॉब? खलनायक म्हणून त्याला सोडून देणे सोपे होते. पण त्याचा मित्र रँडी पोनीबॉयला सांगतो की बॉबच्या आईबापांनी त्याला कधी ‘नाही’ म्हटले नाही. कोणीतरी आपल्याला अडवावे, हेच त्याला हवे होते. जॉनीला घरी माया नाही, बॉबला घरी धाक नाही. एक पोरगा मार खाऊन बिथरला, दुसरा लाडाने बिघडला, आणि मध्यरात्री दोघांची गाठ बागेत पडली. शाळेच्या वार्षिकातला बॉबचा फोटो पाहताना पोनीबॉयला प्रथमच वाटते की हाही एक माणूस होता. शत्रूला चेहरा आला की मूठ सैल पडते.

शेवटाकडे एक लहानसा प्रसंग आहे. मित्रांच्या मृत्यूनंतर पोनीबॉय बिथरलेला असतो. सोश पोरे मोटारीतून उतरून जवळ येतात, तेव्हा तो सरबताची बाटली फोडून तिचा धारदार काठ त्यांच्यावर रोखतो. ती निघून जातात. सोबतच्या मित्राला धास्ती वाटते, की हाही आता डॅलीसारखा होणार. इतक्यात पोनीबॉय खाली वाकून रस्त्यावरच्या काचा वेचू लागतो, कोणाच्या मोटारीचे टायर फाटू नये म्हणून! मित्राचा जीव भांड्यात पडतो. मला वाटते, हे काचा वेचणे त्या मोठ्या मारामारीपेक्षा लक्षात ठेवण्यासारखे आहे. हातात हत्यार आले तरी आपल्यामागून येणाऱ्याची काळजी ज्याच्या मनातून गेली नाही, तो मुलगा वाया गेलेला नाही.

या पुस्तकात टोळ्या आहेत, दारू-सिगारेट आहे, म्हणून अमेरिकेत कित्येक ठिकाणी शाळांच्या ग्रंथालयांतून ते काढावे अशा तक्रारी झाल्या. पालकांची चिंता खोटी नसते. पण मारामारी मुलांपासून लपवता येत नाही. ती रस्त्यावर असते, पडद्यावर असते, शाळेच्या फाटकाशी असते. महाविद्यालयात शिकवताना मला नेहमी जाणवते की, मुलांना मारामारीचा मोह कमी आणि भेकड ठरण्याची धास्ती जास्त असते. ‘भांडू नको’ एवढे सांगून ती धास्ती जात नाही. भेकड न ठरण्याचा दुसरा रस्ता त्यांना दाखवावा लागतो.

पोनीबॉयला तो रस्ता दाखवतात त्याचे इंग्रजीचे शिक्षक. परीक्षेत नापास व्हायची वेळ आलेल्या या मुलाला ते सांगतात, एक चांगला निबंध लिही, मी तुला पास करतो. काय लिहावे हे त्याला सुचत नाही. मग जॉनीने मरण्यापूर्वी लिहिलेली चिठ्ठी त्याच्या हाती लागते. त्या मुलांचे प्राण वाचले, तेव्हा माझे जाणे फुकट गेले नाही, अशा अर्थाचे तीत लिहिलेले असते; आणि डॅलीला एकदा सूर्यास्त पाहायला सांग, असेही असते. डॅली तर तोवर गेलेला. अशी आणखी किती पोरे असतील, ज्यांना सांगायचे राहून गेले, असे मनात येऊन पोनीबॉय लिहायला बसतो. आणि तो निबंध म्हणजेच ही कादंबरी.

आपल्या घरी, आपल्या वर्गात, असा एखादा डॅली असतोच. त्याला सूर्यास्त दाखवायला उशीर होऊ नये, इतकेच सांगून आपली रजा घेतो.