अक्षरें आणि आघात



'हातकणंगले' हें नांव लिहून पाहा. कागदावर सहा अक्षरें उमटतात: हा, त, क, णं, ग, ले. आतां तेंच नांव मिरज-कोल्हापूर गाडीची वाट पाहणाऱ्या तेथील माणसाच्या तोंडून ऐका. उच्चाराचे तुकडे पांचच पडतात: हात्-क-णं-ग-ले. या तुकड्यांना आपण शब्दावयव म्हणूं. लेखनांतला सबंध 'त' बोलतांना निःस्वर होतो आणि मागच्या 'हा'ला जाऊन चिकटतो.

हा भेद क्षुल्लक नव्हे. नुकतीच अक्षरओळख झालेलें मूल 'स-म-जू-न' असें सुटें वाचतें, आणि रोज घरांत कानीं पडणारा तो शब्द त्याला ओळखूं येत नाहीं. 'समज' म्हणतांना आपण 'स-मज्' असें तोडतों. 'समजून' म्हणतांच तोड सरकते व 'सम्-जून' होतें. हें मुलाला सहसा कोणी सांगत नाहीं. आपली लिपि तर त्याची खूणहि ठेवीत नाहीं. मग मूल मंद ठरतें! दोष त्याच्या बुद्धीचा नसून आपल्या शिकविण्याचा आहे, असें माझें स्पष्ट मत आहे.

पद्याचा न्याय निराळा. तेथें 'त' पुन्हा सस्वर होतो. हा, णं, ले हीं अक्षरें गुरु, उरलेलीं लघु, मिळून नऊ मात्रा. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजांत पूर्वी अध्यापन केलेल्या माधव जूलियन यांनीं हा सारा हिशेब 'छंदोरचना' ग्रंथांत मांडला. १९३८ सालीं मुंबई विद्यापीठानें त्यांना डी. लिट्. दिली, ती त्याच ग्रंथाबद्दल.

मराठींत आघात सौम्य असतो. तो हलला म्हणून अर्थ सहसा बदलत नाहीं. स्पॅनिश भाषेंत बदलतो. 'तेर्मिनो' हा शब्द घ्या. जोर 'तेर्'वर दिला तर 'शेवट', 'मि'वर दिला तर 'मी संपवितों', आणि 'नो'वर दिला तर 'त्यानें संपविलें'! म्हणून तेथें नियम पक्का केलेला आहे. शब्दाच्या अंतीं स्वर, न् किंवा स् असेल तर जोर शेवटून दुसऱ्या अवयवावर. दुसरें व्यंजन असेल तर शेवटच्यावर. आणि नियम मोडत असेल तेथें स्वराच्या डोक्यावर तिरपी रेघ. या नियमानें स्पॅनिश मनुष्य 'हातकणंगले'मध्यें 'ग'वर जोर देईल. आपल्या कानाला 'णं' भारी लागतो. तो त्याच्याकडून तसा वदवावयाचा तर 'णं'वर रेघ काढून द्यावी लागेल.

आपल्या बाराखडींत अशी रेघ नाहीं. परंतु पहिल्या इयत्तेच्या पुस्तकांत 'हात|कणंगले', 'सम|जून' असें मध्यें बारीक उभी रेघ देऊन छापावयास काय हरकत आहे? मुद्रक थोडे कुरकुरतील. दुसऱ्या इयत्तेंत ती रेघ खुशाल काढून टाकावी.