कासवाला ऊन हवं, सावलीही हवी



चैत्रात शिखर शिंगणापूरला जाणाऱ्या कावडी मुंगी घाट चढतात, तेव्हाचं ऊन नातेपुत्याच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. दगडावर पाय ठरत नाही. अशा मुलखात राहून आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते एका जनावराला ऊब आणि उजेड कसा द्यावा, याविषयी. हसू आलं तर हसून घ्या. पण कासव पाळायची हौस आता शहरातून तालुक्याच्या गावापर्यंत आली आहे. आणि कासव म्हणजे बिनखर्चाचं, बिनकटकटीचं जनावर, असा समज तिच्यासोबतच आला आहे. भुंकत नाही, ओरबाडत नाही, दोन दिवस खायला नाही दिलं तरी तक्रार नाही. ती तक्रार कवचाखाली चालू असते आणि आपल्या लक्षात येते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

आधी कायद्याचं बोलून घेतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं कासव, ज्याला आपण तारा कासव म्हणतो, ते घरात ठेवणं गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, आणि आता हे कासव पहिल्या अनुसूचीत आहे. शिक्षा किमान ३ वर्षांची, ती ७ वर्षांपर्यंत जाऊ शकते. वर किमान २५ हजार रुपये दंड. २०१९ मध्ये या कासवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी आली. कोणी ‘लकी आहे, लक्ष्मी येते’ म्हणून विकायला आणलं, तर येते ती लक्ष्मी नव्हे. आपल्या विहिरीत, ओढ्यात सापडणारं पाण्यातलं कासवही याच पहिल्या अनुसूचीत आहे. मोटार काढताना सापडलं म्हणून ते हौदात ठेवायचं नाही. जिथं सापडलं तिथंच राहू द्यायचं.

मग पाळता येतं कोणतं? परदेशी जातीचं, जन्माची आणि खरेदीची कागदपत्रं असलेलं. बाजारात बरंच दिसतं ते आफ्रिकेतलं सल्काटा. त्याचीही नोंद करावी लागते. २०२४ मध्ये त्यासाठी केंद्राने स्वतंत्र नियम काढले असून नोंदणी ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर होते. विकणारा म्हणाला ‘कागद लागत नाहीत’, तर तिथूनच मागे फिरावं.

आता उबेकडे वळू. कासवाच्या अंगात स्वतःची भट्टी नसते. आपण ज्वारीची भाकरी खातो आणि तिच्यातूनच अंग गरम ठेवतो. कासवाला ही सोय नाही. त्याला ऊब बाहेरून घ्यावी लागते आणि ती मिळाल्याशिवाय पोटातलं अन्नसुद्धा पचत नाही. गवत खाणाऱ्या कासवाच्या आतड्यात जंतू ते गवत आंबवतात, आणि गारठ्यात ते काम मंदावतं. म्हणून थंडीत कासव खात नसेल तर बळेबळे भरवू नये, आधी कासवाला ऊब द्यावी.

पण नुसतं गरम करूनही भागत नाही. कासव आपलं तापमान राखतं ते चालून. सकाळी उन्हात येतं, तापलं की सावलीत सरकतं, पुन्हा गार झालं की बाहेर येतं. त्याला हवी असते ती ही निवड, आणि आपण नेमकी तीच काढून घेतो. काचेच्या पेटीत ठेवलं आणि पेटी खिडकीत उन्हाला ठेवली, की सरकायला जागाच उरत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली किंवा अशा पेटीत कासव तासाभरात दगावू शकतं. सल्काटाचं मूळ घर सहारा वाळवंटाच्या दक्षिणेचा कोरडा पट्टा. तिथं तरी ते दुपारी काय करतं? जमिनीत खोल बीळ करून आत बसतं! वाळवंटातलं जनावर उन्हात दिवसभर राहतं हा आपलाच गैरसमज.

म्हणून नातेपुत्यात, माळशिरसात, अकलूजला उबेचा निम्मा खर्च सावलीवर करावा. अंगणात पक्की, चोहोबाजूंनी बंद जागा घ्यावी. एका कोपऱ्यात सकाळचं ऊन थेट पडेल, दुसऱ्या कोपऱ्यात दिवसभर दाट सावली राहील. मातीने लिंपलेला, वर वाळलेल्या उसाच्या पाचटाचा थर दिलेला बुटका खोपा सिमेंटच्या खोलीपेक्षा गार राहतो. खाली माती हवी, फरशी नको. कुंपणाचा पाया मात्र खोल घ्यावा, नाहीतर एक दिवस कासव शेजाऱ्याच्या मळ्यात निघेल. कुत्र्यांचाही बंदोबस्त हवा.

दिवे लागतात ते पिल्लासाठी आणि डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींसाठी. आपल्याकडे तेव्हा पारा कधी कधी १०-१२ अंशांपर्यंत उतरतो, आणि सल्काटा काही थंडीत झोपून काढणारं कासव नाही. पेटीच्या एका टोकाला दिव्याखाली ३५ ते ३८ अंश, दुसऱ्या टोकाला २७ च्या आसपास, आणि लहान पिल्लाच्या पेटीचं तापमान रात्रीही २५ च्या फार खाली जाऊ द्यायचं नाही. पोल्ट्रीवाल्यांना हे पटकन कळेल. ब्रूडरखाली पिल्लं गोळा झाली की ऊब कमी, कडेला पांगली की जास्त, हे ते रोज पाहतात. कासवाचंही असंच बघायचं. सतत दिव्याखाली बसून असेल किंवा सतत लांब कोपऱ्यात दडत असेल, तर दिव्याची उंची बदला. रात्री मात्र पिवळा बल्ब लावून ठेवू नये, त्याला अंधार हवा असतो. त्यासाठी उजेड न देता फक्त गरम होणारा सिरॅमिक हीटर मिळतो. तो थर्मोस्टॅटवर लावावा आणि इन्व्हर्टर त्याचा भार पेलतो का, ते आधी पाहून घ्यावं. लाइट कधी जाईल हे आपल्याकडे कोणी सांगावं?

ऊब आणि उजेड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि फसगत इथंच होते. घरात एलईडीचा लख्ख उजेड आहे म्हणून कासवाचं भागत नाही. उन्हातल्या अतिनील किरणांपैकी ‘यूव्हीबी’ नावाचा भाग त्याच्या कातडीवर पडावा लागतो. त्यातून ड जीवनसत्त्व तयार होतं आणि ते असेल तरच खाल्लेला चुना, म्हणजे कॅल्शियम, हाडांत आणि कवचात मुरतो. नाहीतर कवच बोटाने दाबलं जाईल इतकं मऊ पडतं, पाय वाकडे होतात, जबडा लुळा पडतो. खिडकीच्या काचेतून हे किरण जवळजवळ येतच नाहीत. खिडकीपाशी ठेवलेल्या कासवाला ऊन मिळतं असं आपल्याला वाटतं, पण मिळते ती फक्त धग. घरातच ठेवायचं असेल तर यूव्हीबीची खास नळी लावावी. बनवणाऱ्याने सांगितलेल्या अंतरावर, मध्ये काच किंवा प्लास्टिक न घालता. ती पेटत राहिली तरी तिच्यातले हे किरण हळूहळू कमी होतात, म्हणून सहा महिन्यांनी ते वर्षभरात बदलावी लागते. ज्याच्याकडे अंगण आहे, त्याने मात्र हा खर्च कमी करून रोज सकाळचं मोकळं ऊन द्यावं. ते फुकट आहे आणि कोणत्याही नळीपेक्षा चांगलं आहे.

खाण्याबाबत आपली माया आडवी येते. दूधभात, चपाती, बिस्किट, केळं, कलिंगडाची फोड. ‘आवडीने खातं हो!’ खातं खरं, पण सल्काटा हे गवतावर वाढलेलं कासव आहे. रोजच्या खाण्यात बहुतेक भाग गवताचा असावा. हराळी, मारवेल, बांधावरचा केणा, पाथरी हे उत्तम. जास्वंदीची पानं-फुलं आणि तुतीची पानं त्याला फार आवडतात. फड्या निवडुंगाचे काटे काढून दिलेले तुकडे हा तर मेवाच, त्यात पाणी आणि चुना दोन्ही असतं. लसूणघास थोडा द्यावा, रोजचा करू नये. पालक आणि माठात ऑक्झॅलेट फार, ते चुना बांधून ठेवतं. फळं क्वचित. चुन्यासाठी काष्ठौषधीच्या दुकानातला समुद्रफेस आणून पेटीत ठेवा. हवा तेव्हा कासव तो कुरतडतं.

इथं एक धोका आपल्या बागायती भागाचा. ज्या उसाच्या बांधावर तणनाशक मारलंय, तिथलं गवत कितीही हिरवं दिसलं तरी आणू नका. अंगणात कण्हेर, घाणेरी, रुई, धोतरा आणि गाजर गवत नको. शोभेला लावलेली कण्हेर तर फारच विषारी.

पाण्याची गोष्ट लोक विसरतात. ‘कोरड्या देशातलं आहे, पाणी कशाला?’ पिल्लाला रोज कोमट, उथळ पाण्यात दहा-पंधरा मिनिटं सोडावं, पाणी हनुवटीच्या खाली राहील इतपतच. कवचावर टेंगळं-टेंगळं उठतात, त्याला पूर्वी प्रथिनांचा अतिरेक कारण मानत. व्हिएन्नातील पशुवैद्यकांनी सल्काटाच्या पिल्लांवर केलेला अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की टेंगळांना जास्त जबाबदार आहे ती कोरडी हवा, प्रथिनांचा वाटा किरकोळ. आपल्या उन्हाळ्याची हवा किती कोरडी असते ते ओठांना ठाऊक आहे. म्हणून पिल्लाच्या बिळातली माती किंवा नारळाचा भुसा थोडा ओलसर ठेवा.

मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारं, कानामागे लाल पट्टा असलेलं हिरवं पिल्लू हे वेगळंच प्रकरण. ते पाण्यातलं कासव. त्याला पोहायला पाणी, सुकायला कोरडा दगड आणि तेच ऊन लागतं, खाणंही निराळं. ज्या अमेरिकेतून ही जात आली, तिथं साल्मोनेलाच्या आजारामुळे ४ इंचांपेक्षा लहान कासवं पाळण्यासाठी विकायला १९७५ मध्येच बंदी झाली. कासव कोणतंही असो, हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे, आणि लहान मुलांनी तर नक्कीच.

शेवटी एक हिशेब. आज तळहातावर मावणारं सल्काटा चाळीस किलोंच्या पुढे जातं आणि पन्नास वर्षं सहज जगतं. मुलाच्या हट्टासाठी घेतलंत, तर मुलगा शिकायला पुण्याला गेल्यावर त्याचा खोपा कोण साफ करणार, हे आधी घरात ठरवा. कासवांचं जाणणारा डॉक्टरही बहुधा पुण्यालाच गाठावा लागेल.

आणि ज्यांच्या घरी आधीपासून तारा कासव आहे, त्यांना विनंती. पुण्य म्हणून ते विहिरीत किंवा नीरेच्या कालव्यात सोडू नका. जमिनीवरच्या कासवाला पोहता येत नाही, ते बुडून मरतं. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करून त्यांच्या ताब्यात द्या.